सात नंबरची गोगलगाय

कंडक्टरने मुलांना तिकिटं द्यायला सुरुवात केली, त्या रविवारपासून सरांच्या पोटात दुखायला लागलं.

"पोटात दुखत असेल तर डॉक्टरकडे जा," सरांची बायको, म्हणजे घरातल्या आजी, म्हणाल्या. "नाहीतर सरळ मागच्या अंगणात जाऊन उभे राहा. पडद्याआडून किती वेळ बघाल? पडदा मळतो."

"मी हवा बघतोय," सर म्हणाले.

हवा चांगलीच होती. अंगणाच्या त्या टोकाला, कंडक्टरच्या खिडकीखाली, अकरा मुलं गोल करून बसली होती. हीच अकरा मुलं महिन्याभरापूर्वीपर्यंत दर रविवारी या टोकाला सरांच्या समोर बसत. सरांनी छत्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर इमारतीतल्या मुलांसाठी फुकट निसर्गवर्ग काढला. मुलांवर त्यांचा जीव होता, हे त्यांचे शत्रूही मान्य करतील. एखाद्या पोराने मुंगी दाखवली तर तिच्या मागे दोन तास वाकून चालतील, पण "पुरे आता" म्हणणार नाहीत. कुठल्याही प्रश्नाला हसणार नाहीत. दोष एकच. आधी व्याख्या, मग फुलपाखरू, असा त्यांचा क्रम होता. फुलपाखराला हा क्रम माहीत नसल्यामुळे व्याख्या संपेपर्यंत ते निघून गेलेलं असे.

कंडक्टर नुकताच राहायला आला होता. सर त्याला तोंडावर "तुम्ही" म्हणत आणि मनात "तो". आपण सध्या सरांच्या मनातच बसलो आहोत, तेव्हा आपणही तोच म्हणू. तर, त्याने आयुष्यभर बसमध्ये घंटा मारली होती, आणि निरोप घेताना जुना तिकीट-पंच आणि रद्द झालेल्या तिकिटांचा एक गठ्ठा घरी आणला होता. मुलाने अंगणात काही नवीन बघितलं की तिकिटाला एक भोक. कोळ्याचं जाळं, एक भोक. कोळी जाळं विणताना, दोन. सुतारपक्षी, तीन. बरं, त्याला स्वतःला नावंसुद्धा येत नसत. "काका, हा कुठला पक्षी?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "मला काय माहीत? कुठून चढला, कुठे उतरला, ते बघ आधी."

सरांना खरा राग या वाक्याचा होता. कारण प्रश्न चांगला होता. छत्तीस वर्षांत तो त्यांना सुचला नव्हता.

आणि त्या अकरा मुलांत त्यांची स्वतःची नात होती. वय वर्षं नऊ. सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते म्हणून सरांनीच तिचं नाव मुंगी ठेवलेलं. तिला निरीक्षणवही कशी लिहायची ते त्यांनी शिकवलं होतं: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, आणि शेवटच्या रकान्यात अनुमान. तीच वही घेऊन ती आता त्या टोकाला बसत होती. बाकीची दहा गेली तर गेली. पण मुंगी?

"तू तिकडे का जातेस गं?" सरांनी एकदा अगदी सहज, म्हणजे तीन दिवस तयारी करून, विचारलं.

"तिकडे भोक पाडतात," मुंगी म्हणाली.



सरांनी ठरवलं, असं काहीतरी करायचं की पोरं धावत परत आली पाहिजेत. आणि ते शास्त्र असलं पाहिजे, बसप्रवास नव्हे. त्यांना एक जुना प्रयोग आठवला. गोगलगायीला उचलून दूर सोडलं तरी ती आपल्या जागी परत येते, असं म्हणतात. सरांच्या खिडकीखालच्या वाफ्यात गोगलगायी भरपूर होत्या. वीस गोळा करायच्या, पाठीवर रंगाने नंबर घालायचे, अंगणाच्या मध्यावर पाण्याच्या टाकीजवळ सोडायच्या, आणि मुलांनी रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं: किती घरी आल्या? म्हणजे सरांच्या घरी. घरी येणं काय असतं ते वीस गोगलगायी मुलांना दाखवून देतील, असा त्यात एक उपदेशही होता, पण तो सरांनी पोटातच ठेवला.

रंग म्हणून सुनेची लाल नखपॉलिश मागितली. सुनेने बाटली दिली, पण डोळे बारीक करून विचारलं, "बाबा, कुणाच्या नखांना?"

"त्यांना नखं नसतात," सर म्हणाले. सून आत जाऊन आजींशी काहीतरी कुजबुजली.

मग सेक्रेटरी आले. इमारतीच्या सेक्रेटरींना कशाचा वास कसा लागतो, हा प्राणिशास्त्राचा स्वतंत्र विषय आहे. "सर, सामायिक जागेत प्राणी सोडायचे म्हणजे अर्ज लागतो," ते म्हणाले आणि पाळीव प्राण्यांचा छापील अर्ज पुढे केला.

"हे कुत्र्यामांजरांसाठी आहे."

"नियमात प्राणी म्हटलंय. गोगलगाय प्राणी आहे की नाही? शास्त्राचे तुम्ही. तुम्हीच सांगा."

इथे सर अडकले. खोटं बोलायची सोय नव्हती. त्यांनी अर्ज भरला. प्राण्याचा रंग? तपकिरी. भुंकतो का? नाही. चावतो का? पालकाची पानं. गळ्यात पट्टा असतो का? गळा कुठे सुरू होतो याबद्दल मतभेद आहेत. सेक्रेटरींनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "एका अर्जावर एकच प्राणी."

सरांनी वीस अर्ज भरले. शेवटच्या पाच अर्जांत त्यांचं अक्षर गोगलगायीसारखंच झालं होतं. त्यातही "लस टोचल्याचा दाखला" राहिला, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. तिथे दोन बुलडॉगच्या मधे, मांडीवर झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन सर पाऊण तास बसले. डॉक्टरांनी डबा उघडला, सरांकडे बघितलं, डबा बंद केला आणि दाखला लिहून दिला: "सदर प्राणी स्वभावाने शांत असून त्यांच्यापासून धोका नाही. मालकांनी विश्रांती घ्यावी."

तरीपण शनिवारी संध्याकाळी गोगलगायी टाकीजवळ सुटल्या. आणि काय सांगावं, अकराच्या अकरा पोरं जमली! नंबर बघायला नुसती झुंबड. मुंगी तर पोटावर आडवी पडली. सरांनी टेप लावून दाखवलं: टाकीपासून आमच्या वाफ्यापर्यंत दहा मीटर, आणि त्या बाजूला, म्हणजे कंडक्टरच्या कुंड्यांपर्यंतही दहाच. गोगलगाय तासाला फार तर तीन-चार मीटर जाते. मोजणीची वेळ सकाळी साडेसहा, दोन्ही टोकांना एकेक निरीक्षक. कंडक्टरसुद्धा हात मागे बांधून ऐकत उभा होता. सरांना त्या रात्री गाढ झोप लागली.

आठवडाभर मोजणी चालली. सोमवारी सरांच्या वाफ्यात शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी एक आली, पण तिच्या पाठीवर नंबर नव्हता. ती पाहुणी असावी. गुरुवारी मुंगीने बातमी आणली.

"आजोबा, सापडल्या! चौदा आहेत! कंडक्टरकाकांच्या कुंड्यांत!"

त्याने कुंड्यांभोवती ओलं पोतं गुंडाळलेलं होतं आणि वर काकडीची सालं टाकली होती.

"तुम्ही माझ्या प्रयोगात काकडी टाकलीत?" सरांनी जाऊन विचारलं.

"बिचाऱ्या दमून आल्या होत्या, सर," कंडक्टर म्हणाला. "रिकाम्या पोटी कसं पाठवायचं?"

सर घरी आले ते थेट खुर्चीत बसले. मुलं गेली, नात गेली, हे एक वेळ समजू शकतं. मुलं म्हणजे शेवटी मुलं. पण त्यांच्या वाफ्यात जन्मलेल्या, त्यांच्या पालकावर पोसलेल्या, ज्यांच्यासाठी त्यांनी वीस वेळा सही केली, त्या गोगलगायी? त्यांनाही तोच आवडावा?

इथून पुढचं लिहायला हात धजत नाही, पण गोष्ट सांगायला घेतली आहे.

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सर पायजम्यावर स्वेटर चढवून, आजींचा डबा काखेत मारून, कुंपणाला धरून वाकत वाकत त्या टोकाला गेले. मोजणी साडेसहाची होती. वेळ चिकार होता. कुंड्यांतून हाताला लागल्या तेवढ्या सात गोगलगायी डब्यात घातल्या, परत आले आणि आपल्या वाफ्यात एकेक नीट मांडून ठेवल्या. सात नंबर सगळ्यात पुढे, तोंड घराकडे. मग आत जाऊन पांघरुणात शिरले. त्यांनी आयुष्यात परीक्षेचा एक मार्कही कधी इकडचा तिकडे केला नव्हता. पांघरुणात त्यांना धाप लागली होती.

सरांना एक गोष्ट माहीत नव्हती. त्यांच्या टोकाची मोजणी साडेसहालाच होती, पण त्या टोकाची कंडक्टरने गुरुवारपासून परस्पर सहावर आणली होती. तीस वर्षं त्याची पहिली गाडी सहाला सुटत असे. साडेसहाला दिवस सुरू करायचा हे त्याच्या अंगातच नव्हतं.

सहा पस्तीसला खिडकीवर थापा पडल्या. "आजोबा! उठा! सात नंबर!"

वाफ्याभोवती सगळी पोरं. मुंगी वही उघडून उभी होती. "हे बघा. सहा वाजता सात नंबर काकांच्या कुंडीत. बरोबर तीन, बारा, एकोणीस, सगळ्या. साडेसहाला आपल्या वाफ्यात. मधलं अंतर वीस मीटर. म्हणजे तीस मिनिटांत वीस मीटर. म्हणजे तासाला चाळीस! तुम्ही सांगितलं होतं चार."

सरांनी हिशोब मनातल्या मनात तपासला. तो बरोबर होता.

"आजोबा, ही जगातली सगळ्यात वेगवान गोगलगाय आहे?"

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. पण महिन्याभराने अकरा तोंडं त्यांच्याकडे वळली होती, आणि पलीकडे कंडक्टर आपल्या रिकाम्या कुंडीत बोट घालून काहीतरी शोधत होता. सर म्हणाले, "अधिक निरीक्षण करावं लागेल." शास्त्राच्या आडून इतकी भित्री गोष्ट आजवर कुणी बोललं नसेल.

झालं. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. कोपऱ्यावरचा केमिस्ट येऊन म्हणाला की ही नखपॉलिशची कमाल आहे, त्यात एक द्रव्य असतं. संध्याकाळी त्याच्या दुकानातली लाल नखपॉलिश संपली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर उताराचा कोन मोजून गेले. सेक्रेटरींनी अंगणात "सावकाश चला" अशी पाटी लावली. ती माणसांसाठी होती. साप्ताहिकाचा बातमीदार आला आणि सरांचा हात डब्यावर ठेवून फोटो काढला. "पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर पळवून दाखवा," तो म्हणाला. "पहिल्या पानावर घेतो."

आठवडाभर मुलं सरांच्याच टोकाला होती. पण सर वाफ्याकडे बघायचं टाळत होते. मुंगी रोज येऊन शेजारी बसायची आणि वहीतून वर बघून एकदम विचारायची, "आजोबा, तुम्ही लवकर उठता का?"

"नाही. का?"

"सहज."

आजी एवढंच म्हणाल्या, "गोगलगाय आणि पोटात पाय. ही म्हण कुणी काढली असेल हो?"

"शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे," सर म्हणाले. "तिचा पाय पोटालाच असतो."

"मी तिच्याबद्दल बोलत नाहीये."

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी खुर्च्या आणल्या होत्या. टाकीपासून वाफ्यापर्यंत दोऱ्या ताणल्या होत्या. इंजिनियर स्टॉपवॉच घेऊन, बातमीदार कॅमेरा घेऊन, केमिस्ट हाताची घडी घालून. सरांनी सात नंबर आरंभरेषेवर ठेवली. सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली.

सात नंबर शंखाच्या आत गेली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. "पाणी शिंपडा," कुणीतरी म्हणालं. शिंपडलं. "लाजली असेल, सगळे तिकडे तोंड करा." चाळीस माणसांनी भिंतीकडे तोंड केलं. "मागून हळूच टिचकी मारा." "अहो, ती काय मोटार आहे?" "तिला वर्तमानपत्राची धास्ती वाटत असेल." विसाव्या मिनिटाला एक शिंग बाहेर आलं. टाळ्या पडल्या. शिंग परत आत गेलं.

"सर, आता तुम्हीच काहीतरी करा," बातमीदार म्हणाला. "तुमचं ऐकते ना ती?"

सरांनी समोर बघितलं. अकरा पोरं श्वास रोखून बसली होती. सगळ्यात धाकटा पोरगा शंखाला तोंड लावून सांगत होता, "तू धाव. तुला येतं. घाबरू नको." त्याने ते सरांकडूनच ऐकलं होतं. फळ्यासमोर अडखळणाऱ्या प्रत्येक पोराला सर हेच सांगत. सरांना वाटलं, हा पोरगा मोठा होऊनही मानेल की गोगलगाय धावते. आणि ते मी शिकवलेलं असेल.

"तिला येत नाही, बाळा," सर म्हणाले. मग उभे राहिले, कारण छत्तीस वर्षं बोलायचं म्हणजे उभं राहायचं हीच सवय. "ती धावली नव्हती. मी तिला डब्यात घालून आणलं. सातही जणींना. चोरून."

अंगणात इतकं शांत झालं की काकडी खाणाऱ्या बाकीच्या गोगलगायींचा आवाज ऐकू येईल असं वाटलं. इंजिनियरांनी स्टॉपवॉच बंद केलं. केमिस्ट कुणाच्या तरी मागे सरकला. सेक्रेटरी म्हणाले, "प्राण्यांच्या वाहतुकीचा वेगळा अर्ज असतो."

"पण का, सर?" बातमीदाराने विचारलं.

मुंगी पुढे आली. तिने वहीचं एक पान उघडून आजोबांच्या हातात दिलं. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

"रविवार. सकाळी सहा दहा. जागा: कुंड्यांजवळ, मी पिंपामागे. काय दिसलं: एक मोठा प्राणी. पायजमा, उलटा स्वेटर. वाकून चालतो. आजीचा डबा. तोंडाने श्श श्श करतो, पण कोणीच बोलत नव्हतं. अनुमान:"

अनुमानापुढे कोरं होतं.

"तू बघितलंस?" सरांनी वहीवरून मान वर केली. "मग बोलली का नाहीस? आठवडाभर?"

"तुम्हीच म्हणालात ना, प्राणी दिसला की ओरडून त्याला हुसकवायचं नाही. आणि एकदा दिसलं तर ते निरीक्षण, पुन्हा दिसलं तर सवय. मी रोज सहाला पिंपामागे बसले. पण तो प्राणी परत आलाच नाही." तिने पेन्सिल काढली. "आणि अनुमान घाईने लिहायचं नाही. माहीत नसेल तर विचारायचं. तर आता विचारते. तो प्राणी असं का करत होता?"

छत्तीस वर्षांत इतका चांगला विद्यार्थी सरांना मिळाला नव्हता, आणि तो नेमका आजच मिळावा!

"तू तिकडे गेलीस," सर म्हणाले, "ते त्या प्राण्याला आवडलं नाही. त्याला वाटलं, सगळ्यांनी त्याच्याच वाफ्यात राहावं."

मुंगीने ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. मग म्हणाली, "पण आजोबा, तिकडे काकांना नावं येत नाहीत. त्या पक्ष्याचं नाव, जाळ्याचं नाव, काहीच. मी रोज वहीत लिहायचे, 'आजोबांना विचारायचं.' बघा ना, किती झालेत." तिने पानं उलटली. तीन पानं होती.

तेव्हा गर्दीतून कंडक्टर पुढे आले. (इथून पुढे आपण त्यांना अहो-जाहो करू. सरांनीही मनात तेव्हाच सुरू केलं.) त्यांनी सात नंबर अलगद उचलली, सरांकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "विनातिकीट प्रवास. तोही सात जणींचा, एका डब्यात."

"मान्य आहे," सर म्हणाले.

"मग शिक्षा होणार. दर रविवारी हजर राहायचं. मुलं दाखवतील, तुम्ही नावं सांगायची. नाव नंतर, बघणं आधी. जमेल?"

व्याख्या शेवटी! पण सरांनी मान डोलावली.

"पुढे सरका मग, पुढे सरका," सात नंबर खाली ठेवत कंडक्टर ओरडले, "आत भरपूर जागा आहे!" आणि अकरा पोरं गोल करून सरकली, मधे सरांपुरती जागा झाली. बातमीदाराने कॅमेरा बंद केला आणि तोही एका कोपऱ्यात बसला. लोक खुर्च्या उचलून, आपण आधीपासूनच ओळखलं होतं असं एकमेकांना सांगत घरी गेले. या गडबडीत सात नंबर कधी बाहेर आली ते कुणी बघितलंच नाही. ती आरामात काकडीकडे निघाली होती.

"काय दिसतंय, सर?" कंडक्टरांनी विचारलं.

सर खाली वाकले. बराच वेळ वाकले. व्याख्या जिभेवर आली होती, ती गिळली. "जिथे चिखल आहे तिथे ती वळसा घालत नाही," ते हळूच म्हणाले. "आणि तिची वाट चकाकते. हे मी शिकवत होतो, पण... बघितलं नव्हतं."

खट्ट! कंडक्टरांनी एका तिकिटाला भोक पाडून सरांच्या हातात दिलं.

सरांनी ते उजेडात धरलं. भोकातून आकाशाचा एवढासा गोल तुकडा दिसत होता. छान वाटलं. त्यांनी ते जपून खिशात ठेवलं आणि शेजारी बघितलं. मुंगीच्या तिकिटाला सत्तावीस भोकं होती.

सरांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.